आदिवासी कायदा आणि राजकारण शिकवायचंय? बेळगाव-खानापूरहून निघणारी वाट

संकेश्वरचा बेरड कर्नाटकात अनुसूचित जमातीत मोडतो. सीमेपलीकडे गडहिंग्लजला राहणारे त्याचे सोयरे महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातीत येतात. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटावर जोयड्याचे कुणबी अजून तीच मागणी घेऊन बेंगळूर-दिल्लीच्या वाऱ्या करताहेत. सिद्दी समाजाची कथा आणखी वेगळी. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी २००३ मध्ये यादीत आले, पण हल्याळची हद्द ओलांडून खानापूर तालुक्यात राहणारे त्यांचेच भाऊबंद बाहेर राहिले. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांची नावं त्या नोंदीत घालायला २०२० साल उजाडलं.

आदिवासींचा कायदा आणि राजकारण हा विषय घेऊन प्राध्यापक व्हायचं मनात असेल, तर आपल्या सीमाभागातल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगतो. तीन राज्यांच्या याद्या, तीन प्रकारचे दाखले आणि एकच समाज, असा अभ्यासाचा माल देशात फार थोड्या ठिकाणी एसटीच्या एका तिकिटात सापडतो. तो सोडून पहिल्याच झटक्यात बस्तर किंवा नागालँडवर प्रबंध लिहायला धावू नका. पुढचं सगळं मार्गदर्शन याच धोरणावर उभं आहे: घराजवळचा प्रश्न, कन्नड आणि इंग्रजीची पक्की तयारी, आणि त्या प्रश्नाला जगातल्या वादांशी जोडण्याची सवय.

विषयाचा आवाका आधी समजून घ्या

अनेकांना वाटतं की हा विषय म्हणजे पाचवी अनुसूची (संविधानातला आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराचा भाग) आणि पेसा (त्या क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा). इथेच पहिली गफलत होते. पाचव्या अनुसूचीतली अनुसूचित क्षेत्रं दहा राज्यांत आहेत. त्यात महाराष्ट्र आहे, पण कर्नाटक नाही आणि गोवाही नाही. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा बेळगाव जिल्ह्यात कुठेच लागू होत नाही. गडचिरोलीच्या ग्रामसभेला जे अधिकार पेसाने मिळतात, ते खानापूरच्या जंगलातल्या ग्रामसभेला मिळत नाहीत. आपल्याकडे लागू आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. जिथे जंगल आहे आणि जंगलावर जगणारी माणसं आहेत, तिथे तो लागतो.

हा विषय साधारण तीन अंगांनी शिकला जातो. पहिलं अंग दर्जाचं: कोण अनुसूचित जमात, हे कोण ठरवतं. संविधानाचं कलम ३४२, त्याखालचा राष्ट्रपतींचा आदेश आणि १९६५ च्या लोकूर समितीचे निकष इथे येतात. 'आदिम' लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण असे ते पाच निकष. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, तरी सरकारी फायलीत तेच चालतात. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे पाठ हवेत. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणाने सांगितलं की एका राज्यातला दर्जा स्थलांतर करणाऱ्याबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. २००० च्या अखेरीस आलेल्या मिलिंद प्रकरणाने सांगितलं की यादीत जे लिहिलंय ते तसंच वाचायचं, न्यायालयाने त्यात भर घालायची नाही. लग्नसंबंध तिन्ही राज्यांत पसरलेल्या आपल्या भागात या दोन निकालांचा परिणाम शाळेच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत पोचतो.

दुसरं अंग जमीन, जंगल आणि ग्रामसभेचं. १९९७ चा समता निकाल (अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी खाणींना देण्याविरुद्धचा), २०१३ चा नियमगिरी निकाल (ओडिशातल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे नेणारा) आणि २०१९ च्या फेब्रुवारीतले सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश इथे येतात. त्यातल्या पहिल्या आदेशाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं आणि पंधरवड्यातच दुसऱ्याने त्याला स्थगिती दिली. तिसरं अंग राजकारणाचं. संविधान सभेतली आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडांची भाषणं, राखीव मतदारसंघ, यादीत येण्यासाठीच्या चळवळी, विकासाच्या नावाखालचं विस्थापन आणि आदिवासींच्या स्थितीवरचा २०१४ चा झाझा समितीचा अहवाल हा सगळा त्याचा प्रदेश. संविधान सभेची कामकाजं इंटरनेटवर मोफत आहेत. पाचव्या आणि सहाव्या (ईशान्येतल्या आदिवासी क्षेत्रांच्या) अनुसूचीवरच्या सप्टेंबर १९४९ च्या चर्चा मूळ इंग्रजीतून वाचा. कुठल्याही गाइडमधून वाचल्यात तर त्यातला संताप आणि आग्रह हाती लागत नाही.

जागतिक बाजूही याच आवाक्यात येते. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी स्वीकारला. विरोधात चार देश होते: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. भारताने बाजूने मत दिलं, पण स्वातंत्र्यानंतर भारतातले सगळेच लोक मूलनिवासी आहेत अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारताने मान्य केला, १९८९ चा १६९ क्रमांकाचा केला नाही. परदेशी नियतकालिकाला लेख पाठवलात की हा प्रश्न येणारच: भारतातले आदिवासी या चौकटीत बसतात का? त्याचं उत्तर एम.ए.ला असतानाच स्वतःच्या शब्दांत लिहून काढा आणि दरवर्षी दुरुस्त करत जा.

पदवी: कायदा की समाजशास्त्रं?

दोन रस्ते आहेत, दोन्ही चालतात. कायद्याच्या रस्त्यात बारावीनंतर पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी., मग एलएल.एम. बेळगावात १९३९ पासूनचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. इथली कायद्याची महाविद्यालयं हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाला जोडलेली आहेत. एलएल.एम. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एका वर्षाचं असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश क्लॅट पीजीमधून होतो. बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलला जाता आलं तर जाच. तिथलं ग्रंथालय आणि तिथली माणसं यांचा उपयोग आयुष्यभर होतो.

दुसरा रस्ता राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानवशास्त्राचा. राणी चन्नम्मा विद्यापीठ घरचंच, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी. हंपीच्या कन्नड विद्यापीठात आदिवासी अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाची जुनी परंपरा आहे, आणि मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय आदिवासी विद्यापीठ आहे.

माझं स्पष्ट मत: परिस्थिती परवडत असेल तर पदवी समाजशास्त्रात घ्या, मग तीन वर्षांचं एलएल.बी. करा. नुसता कायदा शिकलेला माणूस कलम बरोबर सांगतो, पण ग्रामसभेत बायका मागे का बसल्या हे त्याच्या नजरेला पडत नाही. नुसतं समाजशास्त्र शिकलेल्याला बायका दिसतात, पण दावा कुठल्या नियमाखाली फेटाळला गेला ते कळत नाही. दोन्ही येणाऱ्या माणसांची या क्षेत्रात टंचाई आहे. वर्षं जास्त जातात, हे खरं. त्याचा हिशेब पुढे पैशांच्या भागात मांडतो.

भाषा

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते आणि कन्नडबद्दल मनात अढी असते. इंग्रजीची धास्ती दोन वर्षांत जाते, रोज एक निकालपत्र वाचायचं ठरवलं तर. 'इंडियन कानून' या संकेतस्थळावर निकाल मोफत मिळतात. सुरुवातीला पन्नास पानांच्या निकालाला आठवडा लागेल. लागू द्या. वाचून झाल्यावर तो निकाल मराठीत एका पानात लिहा. ज्याला मराठीत लिहिता आला नाही, तो निकाल कळलेला नाही असं समजा.

कन्नडबद्दल मी हात जोडून सांगतो, अढी सोडा. मराठी शाळा, मराठी कागदपत्रं यांसाठी लढायचा आपला हक्क जागेवर आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. गावच्या वनहक्क समितीचा ठराव, तिच्यावरच्या उपविभागीय समितीचा शेरा, पीडीओची (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याची) टिपणी, वन खात्याची नोटीस आज कन्नडमधून येते. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवर बोलणं मराठी-कोकणीत चालतं आणि कागद कन्नडमध्ये चालतो. या दोहोंच्या मध्ये उभा राहू शकणारा संशोधकच इथे उपयोगाचा. शिवाय कर्नाटकात सरकारी प्राध्यापकाची जागा हवी असेल तर कन्नड यावंच लागतं.

मोडीही शिका. कारण खालच्या भागात येतंच.

कागद कुठे मिळतात

वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. यादीत नसलेल्या, म्हणजे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हटलेल्या माणसाला त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा जंगलातला वास दाखवावा लागतो. हिशेब १९३० सालापर्यंत मागे जातो. खानापूरच्या रानातले गवळी धनगर कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे ही ७५ वर्षांची भिंत उभी आहे. बहुतेक दावे इथेच अडतात.

आता विचार करा, १९३० साली हा मुलूख कुणाचा होता? बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता. त्या काळचे महसुलाचे आणि जंगलाचे कागद इंग्रजीत आहेत, मराठीत आहेत, आणि हाताने लिहिलेला पुष्कळसा भाग मोडीत आहे. बेंगळूरच्या किंवा दिल्लीच्या संशोधकाला ते वाचता येत नाहीत. आपल्याला येऊ शकतात. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं हत्यार आहे आणि ते आजवर फार थोड्यांनी उचललंय, याची मला मनापासून हळहळ वाटते.

सुरुवात १८८४ च्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून करा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो एकविसावा खंड, स्कॅन करून इंटरनेटवर उपलब्ध आहे. मग तहसील कार्यालयातली रेकॉर्ड रूम. तिथे जाण्याआधी गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि कुठल्या सालचं काय हवं हे कागदावर लिहून न्या आणि नक्कल मिळण्यासाठी रीतसर अर्ज करा. नुसतं "जुनं काय आहे ते दाखवा" म्हटलं तर कुणी कपाट उघडत नाही. नक्कल नाकारली गेली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यानंतर मुंबईचं पुराभिलेखागार, जे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. इलाख्याच्या महसूल आणि वन खात्याच्या फायली तिथे बघायच्या. ओळखपत्र आणि गाइडचं पत्र बरोबर ठेवा, आणि सलग आठवडा काढूनच जा, कारण फाइल मागितली की ती त्याच दिवशी हातात येईल असं नाही. मोडीचे वर्ग महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय घेतं. अक्षरओळख लवकर होते. घसरत्या हाताचं दफ्तर वाचायला मात्र वर्षभराचा सराव लागतो.

कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी मोठी आहे. सरकारी नोंदी, गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षणाचे नकाशे, घरं, बांध, विहिरी, स्मशानं, देवस्थानं यांच्या खुणा, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं सांगणं. नियमाप्रमाणे एकाहून अधिक प्रकारचे पुरावे द्यायचे असतात, पण केवळ ठराविक एक कागद नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. एका वस्तीचे फेटाळलेले दावे घेऊन बसा आणि प्रत्येकावरचा शेरा नियमाशी ताडून बघा. प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहतं.

प्रश्न कसा निवडायचा

"आदिवासींच्या समस्या: एक अभ्यास" अशा शीर्षकाचे प्रबंध शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर) ढिगाने पडलेत. ते कुणी वाचत नाही. प्रश्न असा हवा की उत्तर 'हो' आलं तरी काहीतरी बदलतं आणि 'नाही' आलं तरी. इथल्याच मातीतले काही सांगतो.

खानापूरचे सिद्दी २०२० मध्ये यादीत आले. त्याआधी त्यांना वनहक्काचा दावा करायचा तर इतर वननिवासी म्हणून ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागे. मग त्या कारणाने आधी फेटाळलेल्या दाव्यांचं आता काय? दर्जा दाव्याच्या तारखेचा धरायचा की आजचा? कायदा याबद्दल थेट काही सांगत नाही. एलएल.एम.चा लघुप्रबंध एवढ्यावर होतो.

दुसरा प्रश्न भीमगडचा. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव, तळेवाडी, आमगाव ही मराठी बोलणारी गावं त्याच्या पोटात आहेत. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं म्हणून काहींना बाहेर पडायचंय, काहींना देव आणि शेत सोडवत नाही. स्थलांतर ऐच्छिक आहे असं म्हणताना रस्ता, दवाखाना आणि वीज न मिळणं हे संमतीवर दडपण धरायचं की नाही? वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा इथे समोरासमोर येतात. कर्नाटकातच बिळिगिरीरंगन टेकड्यांतल्या सोलिगांचे सामूहिक वनहक्क २०११ साली व्याघ्र प्रकल्पाच्या आत मान्य झाले. दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून बघा.

तिसरा प्रश्न चराईचा. वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(ड) फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मानतं. गवळी धनगरांचं जगणं म्हशींवर आणि रानावर. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकात त्यांचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास केला होता, पण कायद्याच्या अंगाने हे रान अजून मोकळं आहे.

चौथा थोडा महत्त्वाकांक्षी. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेल्गामुक्व प्रकरणात म्हटलं की मूलनिवासींच्या जमिनीवरच्या हक्कासाठी तोंडी इतिहास पुरावा म्हणून इतर पुराव्यांच्या बरोबरीने तोलला पाहिजे. आपल्या नियमातलं वडीलधाऱ्यांचं सांगणं प्रत्यक्षात उपविभागीय समितीपुढे किती तोललं जातं? ही तुलना नीट केलीत तर तुमचं काम ऑस्ट्रेलियातही वाचलं जाईल, जिथे मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क मानणाऱ्या १९९२ च्या माबो निकालापासून हाच वाद चालू आहे.

नेट, सेट आणि पीएच.डी.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट (देशाची) किंवा सेट (राज्याची) यांपैकी एक पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना टक्क्यांत सवलत आहे. जुलै २०२३ पासून पीएच.डी. सक्तीची नाही, पण चांगल्या विद्यापीठात तिच्याशिवाय निभाव लागत नाही.

नेट साधारण वर्षातून दोनदा होते. तीन तास, दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भाषा विषय सोडले तर माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. विषय निवडताना लक्ष द्या: ज्या विषयात पदव्युत्तर पदवी, त्यातच नेट. कायद्याच्या अभ्यासक्रमात संविधान, आंतरराष्ट्रीय कायदा आणि पर्यावरण-मानवी हक्क हे घटक आपल्या कामाचे, बाकी करार-कंपनी कायदा नुसता गुणांसाठी करायचा.

सेटबाबत इथली मुलं हमखास फसतात. महाराष्ट्राची सेट मराठीतून देता येते म्हणून कोल्हापूरला जाऊन देतात, पास होतात, आणि मग कळतं की ती कर्नाटकात चालत नाही. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, कर्नाटकाची के-सेट कर्नाटकासाठी. नोकरी कुठे करायची ते ठरलं नसेल तर नेटवरच जोर द्या. ती देशभर चालते. कल्याण कर्नाटकाला (कलबुर्गी-बिदरकडच्या जिल्ह्यांना) कलम ३७१-जे खाली मिळणारं स्थानिक आरक्षण बेळगाव जिल्ह्याला नाही, हेही जाहिरात वाचताना ध्यानात असू द्या.

पीएच.डी.चा नियम २०२२ मध्ये बदलला: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. आता प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात. गाइड निवडताना नावावर जाऊ नका. त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि विचारा: प्रकरण वाचायला किती दिवस लागतात, लाल पेन लावतात का, घरची कामं सांगतात का? विषय थोडा दूरचा असला तरी वाचणारा गाइड घ्या. आदिवासी कायद्यात मोठं नाव आणि भेट मात्र वर्षातून एकदा, असा गाइड तुमची उमेदीची वर्षं खाईल.

पैसा आणि वर्षं

खरं तेच लिहितो, कारण घरच्यांपुढे तुम्हालाच उत्तर द्यायचंय. बारावीनंतर कायम नोकरीपर्यंत बारा ते पंधरा वर्षं धरून चाला. मधली काही वर्षं पाहुणा प्राध्यापक म्हणून जातात, जिथे पगार तोकडा आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. कायम जागेवर मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं.

म्हणून नेटमध्ये वरचे गुण पडले की मिळणारी संशोधनवृत्ती, म्हणजे जेआरएफ, हेच खरं लक्ष्य ठेवा. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. वयाची अट ३० वर्षं. महिला, इतर मागास आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत, आणि एलएल.एम. झालेल्यांना तीन वर्षांची. समाजशास्त्र आणि मग कायदा असा लांबचा रस्ता घेणाऱ्यांनी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिपं आहेत, आणि परदेशी शिक्षणासाठी २० शिष्यवृत्त्या. आपल्या भागातल्या बेरड आणि सिद्दी मुलांना हे सांगणारं कुणी नसतं. हा लेख वाचणाऱ्याने आपल्या ओळखीतल्या एकाला तरी ते सांगावं. दाखल्याची पडताळणी पदवीच्या वर्षातच करून घ्या. फेलोशिप हातात आल्यावर पडताळणीसाठी धावणारी मुलं मी पाहिली आहेत.

लिहिणं

शोधनिबंधांची संख्या वाढवण्यासाठी पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांना लेख देऊ नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता नियतकालिक पारखायची जबाबदारी तुमचीच. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधला एक लेख बाकीच्या दहांना भारी. मराठीतही लिहा, 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे. मुलाखतीत मराठी लेखाचे गुण कमी मिळतील, पण तळेवाडीतला शिकलेला पोरगा तुमचं तेवढंच वाचू शकेल.

परदेश

घाई नको. पीएच.डी.ला जायचं असेल तर कॅनडातलं व्हिक्टोरिया विद्यापीठ, जिथे मूलनिवासींच्या स्वतःच्या कायद्यांची पदवी २०१८ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतलं ॲरिझोना, जिथे या विषयाचा स्वतंत्र कायदा कार्यक्रम आहे. नॉर्वेत ट्रोम्सो, जिथे सामी लोकांच्या भूमीवर मूलनिवासी अभ्यासाचं एम.ए. आहे. अर्जात "मला भारतीय आदिवासींवर काम करायचंय" एवढंच लिहिलंत तर तुमचा अर्ज शेकड्यांतला एक. मोडी कागद, कन्नड शेरे आणि ७५ वर्षांची अट हे एका परिच्छेदात मांडलंत तर तो अर्ज बाजूला काढला जातो.

कुणाच्या वतीने बोलायचं

सीमाभागातल्या मराठी मुलाच्या बाबतीत एक धोका मला वारंवार दिसतो. आपण १९५६ पासून भाषिक अन्यायाची भाषा ऐकत मोठे झालोय. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे घरात बोललं जातं. म्हणून आदिवासींचा प्रश्न आपल्याला लगेच 'आपल्यासारखाच' वाटतो. तो आपल्यासारखा नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी संविधानात कलम २९, ३०, ३५०-अ आहेत. गवळ्याच्या म्हशीला रानात सोडू द्यायचं की नाही, हा त्यापेक्षा निराळा आणि पोटाचा प्रश्न आहे. जंगलाकाठच्या गावांत मराठी बोलणारा सावकार आणि मराठी बोलणारा वननिवासी हे दोघेही आहेत. पहिल्याच्या अंगणात बसून दुसऱ्याबद्दल लिहू नका.

प्रत्यक्ष काम करताना काही गोष्टी पाळाच. वस्तीवर जाण्याआधी पंच किंवा वडीलधाऱ्यांना भेटा आणि आपण काय विचारणार, कागद कुठे ठेवणार, नावं छापणार की नाही हे ग्रामसभेत सांगा. नाही म्हणाले तर परत या. अभयारण्याच्या आत संशोधन करायचं तर वन खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. ती नसताना गेलात तर त्रास तुम्हाला ठेवून घेणाऱ्या घराला होतो. ज्या घराने अतिक्रमणाबद्दल मोकळेपणाने सांगितलं, त्याची ओळख प्रबंधातून पटणार नाही असं लिहा, कारण तुमचा प्रबंध उद्या वन खात्याचा वकीलही वाचू शकतो. आणि पोटापाण्याच्या दिवशी, पेरणी-कापणीत, दुपारभर माणसांना प्रश्नावली घेऊन बसवू नका.

नोकरी लागल्यावर

'आदिवासी कायदा' या नावाची जागा बहुतेक ठिकाणी नसते. तुमची नेमणूक संविधान, पर्यावरण कायदा किंवा राज्यशास्त्र शिकवायला होते. मुलाखतीत संविधान शिकवायची तयारी दाखवा आणि संशोधन म्हणून हा विषय मांडा. एकदा वर्गात उभे राहिलात की जागा तुम्हालाच तयार करायची असते. डिसेंबरमध्ये बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा यादीत येण्याची मागणी करणारे समाज सुवर्ण विधानसौधजवळच्या मंडपांत बसलेले असतात. तो आठवडा वर्ग तिकडे न्या आणि मुलांना निवेदनं वाचायला लावा.

कायद्याच्या महाविद्यालयात असाल तर आणखी एक सोय आहे. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे पेपर सक्तीचे आहेत आणि विधी सहाय्य केंद्र चालवावं लागतं. बहुतेक ठिकाणी त्याचं एक शिबिर होतं, फोटो निघतात आणि वही भरली जाते. त्याऐवजी खानापूर तालुक्यातली एकच वस्ती घ्या. विद्यार्थ्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीत एकाला कन्नड येत असेल असं बघा, आणि एका जोडीकडे तीन दावे द्या. पहिल्या सत्रात फक्त फाइल लावायची: दाव्याचा नमुना, ग्रामसभेचा ठराव, जागेच्या पाहणीचा अहवाल, फेटाळल्याचं पत्र. दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. बऱ्याच घरांत ते पत्र पोचलेलंच नसतं, म्हणून मुदत कधी सुरू झाली हाच पहिला वादाचा मुद्दा होतो. दुसऱ्या सत्रात जुने कागद शोधायचे आणि वडीलधाऱ्यांचं सांगणं नियमाप्रमाणे लिहून घ्यायचं. तिसऱ्यात अपील टाकायचं.